गाडी कोणाच्या हाती, माहिती कोणाच्या हाती

ठाण्यातील खोपट येथे राज्य परिवहन महामंडळाचे आगार आहे, आणि तेथून नाशिक महामार्गाने किंवा कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडली की भिवंडी तालुक्यातील माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे या गावांत गोदामांची दाटी लागते. आगारातला एसटीचा चालक आणि गोदामाच्या फाटकाशी ट्रक लावणारा चालक या दोघांकडेही अवजड वाहनाचा परवाना असतो, दोघेही रात्रीबेरात्री त्याच महामार्गांवर असतात, आणि दोघांपैकी कोणाचीही डुलकी तितकीच जीवघेणी ठरू शकते. मात्र कामावर घेताना या दोघांच्या पूर्वायुष्याची जी चौकशी होते तिच्यात काहीही साम्य नाही. एसटीत भरती जाहिरातीने होते, परवाना, बॅज, वैद्यकीय तपासणी, वाहन चालवण्याची चाचणी आणि पोलिसांची चारित्र्य पडताळणी असे टप्पे ठरलेले असतात, आणि नोकरीत लागल्यावर चालकाविरुद्ध काही नोंदले गेलेच तर ते आरोपपत्राच्या रूपाने त्याच्या हाती पडते, त्यावर त्याला खुलासा देता येतो आणि महामंडळाच्या ‘शिस्त व आवेदन कार्यपद्धती’प्रमाणे वर दादही मागता येते. ट्रकचालकाची भरती बहुधा एका फोनवर उरकते. ‘आधी कोणाकडे होतास’ एवढे विचारून गाडीमालक त्या आधीच्या शेठला फोन लावतो, आणि त्या दोन मिनिटांत पलीकडून काय सांगितले गेले हे चालकाला कधीच कळत नाही. म्हणजे चौकशी इथेही होते, आणि कित्येकदा कसून होते, पण ती तोंडी असते, चालकाच्या माघारी असते, आणि तिला उत्तर देण्याची कोणतीच वाट त्याच्यापुढे नसते.

कायद्याला मालवाहू गाडीच्या चालकाबद्दल जे कळायला हवे आहे ते तसे पाहता फारच थोडे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, त्याआधी किमान वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना असावा लागतो, वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. आठवी उत्तीर्ण असण्याची अटही २०१९ मध्येच काढून टाकण्यात आली. याच कायद्याचे कलम ५ वाहनमालकावर जबाबदारी टाकते की परवाना नसलेल्या माणसाच्या हाती त्याने गाडी देऊ नये, आणि दिल्यास कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. रिक्षा, टॅक्सी आणि बस यांच्या चालकांना याखेरीज बॅज घ्यावा लागतो व त्यासाठी पोलिसांकडून पडताळणी होते, कारण त्यांच्या गाडीत माणसे बसतात. मालवाहू गाडीच्या चालकाला बॅज लागत नाही. ठाण्याच्या एमएच ०४ किंवा कल्याणच्या एमएच ०५ कार्यालयातून परवाना घेतलेल्या ट्रकचालकाच्या गुन्हेगारी पूर्वेतिहासाची चौकशी मालकाने केलीच पाहिजे असे मोटार वाहन कायदा कोठेही म्हणत नाही. ती चौकशी मालक स्वतःच्या भीतीपोटी करतो, आणि ती भीती निराधार नसते, कारण औषधांनी किंवा मोबाइल फोननी भरलेला एखादा कंटेनर गाडीच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त मोलाचा असतो आणि तो अनोळखी माणसाच्या स्वाधीन करून हजार-दीड हजार किलोमीटर पाठवायचा असतो.

मालकाने किती खोलात जावे हा प्रश्न न्यायालयांपुढे मात्र वेगळ्याच दिशेने आला, तो विम्याच्या. अपघातानंतर चालकाचा परवाना खोटा निघाला की विमा कंपनी भरपाई नाकारू लागे, कारण परवानाधारक चालक नेमणे ही विम्याची अट असते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध लेहरू या खटल्यात असे सांगितले की मालकाने परवाना पाहावा, तो दिसायला खरा असेल तर माणसाला गाडी चालवता येते की नाही हे पाहावे, आणि एवढे केल्यावर देशभर पसरलेल्या परिवहन कार्यालयांत जाऊन त्याने खातरजमा करावी अशी अपेक्षा धरता येत नाही. पुढच्याच वर्षी नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या निकालाने अटीचा भंग मालकाने जाणूनबुजून वा निष्काळजीपणे केला हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर टाकला, आणि २०१३ च्या पेप्सू रोड ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या निकालाने एक मर्यादा आखून दिली, ती अशी की परवाना खोटा असल्याचे मालकाच्या नजरेस आणून दिल्यावरही तो स्वस्थ बसला तर त्याला जबाबदारी टाळता येणार नाही. २०२२ आणि २०२३ मधील निकालांतही हीच भूमिका कायम राहिली. या सगळ्या निकालांचा हेतू अपघातग्रस्ताला भरपाई मिळावी हा होता. चालकाची खाजगी बाजू त्यांत कोणी मांडली नव्हती. परंतु मालकाच्या चौकशीची वाजवी सीमा कोणती, याचे या देशातले सर्वांत स्पष्ट उत्तर याच निकालांत सापडते: परवाना आणि गाडी चालवण्याचे कसब. गावाकडचा पत्ता, भावाचा नंबर, बायकोचे आधार कार्ड यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही. कोणत्या गाडीला कोणता परवाना चालतो हा वादही मधली अनेक वर्षे सुरू होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो असे ठरवून तो मिटवला. भिवंडीतून मुंबई-ठाण्यात माल पोहोचवणाऱ्या टेंपोचालकांच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा होता.

लेहरू खटल्याच्या वेळी खातरजमा करणे खरोखरच अवघड होते, कारण परवाने हाती लिहिलेल्या पुस्तिकांच्या रूपात निघत आणि एका राज्यातले कार्यालय दुसऱ्या राज्याला काही सांगू शकत नसे. एकाच माणसाने दोन राज्यांतून दोन परवाने काढणे त्या काळी सहज जमत असे, आणि देशातील सुमारे ३० टक्के परवाने बोगस आहेत असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितलेले आहे. आता ‘सारथी’ नावाच्या केंद्रीय संगणकीय नोंदवहीत परवाना क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की परवाना खरा आहे का, कोणत्या वर्गाचा आहे, कधीपर्यंत चालू आहे, हे मिनिटभरात कळते, आणि तेही नावातली काही अक्षरे झाकून. कामापुरती माहिती द्यायची आणि बाकीची झाकायची, याचा हा चांगला नमुना आहे. दुर्दैवाने त्याच नोंदवहीची दुसरी बाजू इतकी सोज्वळ नाही. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ‘वाहन’ आणि ‘सारथी’ या दोन्ही नोंदवह्यांतील माहिती घाऊक स्वरूपात विकण्याचे धोरण आणले, व्यापारी संस्थांसाठी तिची किंमत तीन कोटी रुपये ठेवली, आणि त्याच वर्षी संसदेत सांगण्यात आले की ८७ खाजगी आणि ३२ सरकारी संस्थांना माहिती देऊन सुमारे ६५ कोटी रुपयांचा महसूल मिळालेला आहे. परवाना काढताना आपली माहिती विकली जाईल असे कोणाही चालकाला सांगितलेले नव्हते. खाजगीपणाच्या आक्षेपांमुळे जून २०२० मध्ये हे धोरण मागे घेण्यात आले. पण एकदा विकलेली माहिती परत मागवता येत नाही, हे मंत्रालयालाही ठाऊक असणार.

प्रत्यक्ष धंद्यात मात्र सारथीपेक्षा ओळखीवर अधिक भिस्त असते. क्लीनर म्हणून गाडीवर चढलेला मुलगा उस्तादाच्या शिफारशीने ड्रायव्हर होतो, गावचा किंवा नात्यातला कोणीतरी त्याची हमी घेतो, आणि मालक आधार कार्ड, परवाना व पॅन यांच्या झेरॉक्स घेऊन खणात टाकतो. काही मालक मूळ परवानाच ठेवून घेतात, म्हणजे माणूस मध्येच गाडी सोडून जाणार नाही. या प्रथेला कायद्यात कसलाही आधार नाही, उलट परवाना जवळ नसल्यामुळे रस्त्यात दंड भरण्याची पाळी चालकावरच येते. अलीकडे हमीदाराची जागा व्हॉट्सॲपने घेतली आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गटांत एखाद्या चालकाचा फोटो, त्याच्या परवान्याची दोन्ही बाजूंची छबी, आधार क्रमांक आणि खाली ‘डिझेल विकले, अॅडव्हान्स घेऊन पळाला, याला कोणी गाडी देऊ नये’ अशा दोन ओळी येतात आणि संध्याकाळपर्यंत कळंबोलीपासून वापीपर्यंत फिरतात. त्या ओळी खऱ्या असू शकतात. पण तोच मजकूर भत्त्याच्या हिशोबावरून भांडून गेलेल्या, किंवा चौदा तास गाडी चालवून झाल्यावर आणखी एक फेरी मारायला नकार दिलेल्या माणसाबद्दलही लिहिला जाऊ शकतो, आणि वाचणाऱ्याला या दोहोंतला फरक कळण्याचे काहीच साधन नसते. बदनामीबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तक्रार करता येते हे खरे, पण ज्या गटात आपण नाही त्या गटात आपल्याविषयी काय लिहिले आहे हे आधी कळले तर पाहिजे!

या ठिकाणी मोटार वाहन कायद्यातील एका जुन्या तरतुदीची आठवण करून देणे आवश्यक आहे. कलम २४ प्रमाणे न्यायालयाने अपात्र ठरवल्यास त्याची नोंद, म्हणजे शेरा, चालकाच्या परवान्यावरच केला जातो. नवा मालक परवाना पाहतो तेव्हा तो शेराही पाहतो. म्हणजे चालकाची पूर्वपीठिका त्याच्याच खिशात असते, तिच्यात काय लिहिले आहे हे त्याला माहीत असते, आणि ती न्यायालयाच्या आदेशानेच लिहिली गेलेली असते. पुढच्या कलम २५ मध्ये असे म्हटले आहे की शेवटच्या शेऱ्यानंतर तीन वर्षे सलग नवा शेरा पडला नाही तर जुना परवाना जमा करून कोऱ्या परवान्यावर चालकाचा हक्क पोहोचतो, आणि शेरा केवळ वेगमर्यादा मोडल्याचा असेल तर एका वर्षातच पोहोचतो. चूक नोंदवावी पण जन्मभर मिरवायला लावू नये, असा हा विचार आहे, आणि माहितीच्या खाजगीपणावर आज जी चर्चा चालते तिच्यापेक्षा तो कितीतरी जुना आणि शहाणपणाचा आहे. व्हॉट्सॲपवरच्या फोटोला तीन वर्षांची मुदत नसते.

पोलिसांच्या पडताळणीची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ठाण्यासह भिवंडी, कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर येतात, आणि तेथे राहणाऱ्या कोणालाही चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. बहुराष्ट्रीय कंपन्यांचा माल वाहणाऱ्या मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्या हे प्रमाणपत्र आता मागू लागल्या आहेत. अडचण अशी की ट्रकचालकावर गुन्हा नोंदला जाणे हे त्याच्या धंद्याचेच अंग आहे. रस्त्यावर अपघात झाला की चूक मोठ्या गाडीची, असे जमावही धरून चालतो आणि पंचनाम्यातही बहुधा तेच उतरते. पूर्वीच्या दंड संहितेतील कलम २७९ व ३०४-अ, आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेतील कलम २८१ व १०६ यांखाली गुन्हा नोंदला जातो आणि खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो. अपघातानंतर खबर न देता निघून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम १०६ चे दुसरे पोटकलम जानेवारी २०२४ मधील चालकांच्या देशव्यापी संपानंतर तूर्त लागू केलेले नाही, पण पहिले पोटकलम लागू आहेच. अशा प्रलंबित खटल्याची नोंद चारित्र्याच्या दाखल्यावर आली की दोष सिद्ध होण्यापूर्वीच नोकरी जाते. सरकारी नोकरीत यावर उतारा आहे: सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात ठरवून दिले की खटल्याची माहिती उमेदवाराने लपवली किंवा दिली, तरी गुन्ह्याचे स्वरूप, त्याची क्षुल्लकता आणि नोकरीचा प्रकार यांचा विचार करूनच निर्णय व्हावा. १९५० च्या कायद्याखाली चालणारे एसटी महामंडळ अशा तत्त्वांनी बांधलेले आहे. पाच गाड्यांचा मालक नाही.

खाजगी पडताळणी कंपन्यांनी यात नवा गोंधळ घातला आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्यांतील पक्षकारांची नावे कोणालाही शोधता येतात, आणि या कंपन्या तेथील नावांशी उमेदवाराचे नाव जुळवून पाहतात. भिवंडी-कल्याणच्या पट्ट्यात एकाच नावा-आडनावाचे पाटील, भोईर आणि म्हात्रे किती असतील, किंवा पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्या चालकांत एकाच नावाचे यादव किती असतील, याचा विचार केला तर अशा जुळणीवर किती विसंबावे हे निराळे सांगायला नको. वडिलांचे नाव आणि गाव जुळवल्याशिवाय दिलेला ‘नोंद आढळली’ हा अहवाल नुसता अंदाज असतो, पण त्याच्यावर शिक्का असतो, आणि शिक्क्याचा दरारा मोठा.

आजारांविषयीची चौकशी हा सर्वांत नाजूक भाग. २५ जानेवारी २०१२ रोजी पुण्यात एसटीच्या एका चालकाने स्वारगेट आगारातून बस पळवून नऊ जणांचा बळी घेतला, तेव्हा खटल्यात मनोविकाराचा बचाव मांडला गेला होता आणि चालकांच्या मानसिक तपासणीची मागणी सर्वत्र झाली होती. तपासणी जरूर व्हावी, परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते, आणि मालकाला खरे तर रोगाचे नाव नको असते. हा माणूस गाडी चालवण्यास योग्य आहे किंवा नाही, एवढेच उत्तर पुरे असते. वैद्यकीय प्रमाणपत्राचा ठरावीक नमुनाही तेवढेच सांगण्यासाठी आहे.

अमेरिकेत ही सगळी चौकशी उघडपणे आणि कायद्याच्या चौकटीत होते. तेथील केंद्रीय यंत्रणेकडून मालकाला चालकाचे गेल्या पाच वर्षांतील अपघात आणि तीन वर्षांतील रस्त्यावरच्या तपासण्या यांचा अहवाल मिळतो, पण चालकाची लेखी संमती असेल तरच. जानेवारी २०२० पासून मद्य व अमली पदार्थांच्या चाचण्यांची वेगळी नोंदवहीही आहे. खाजगी अहवालांवर १९७० चा कायदा लागू होतो, आणि अहवालामुळे नोकरी नाकारली तर तसे चालकाला कळवावे लागते व चुकीच्या नोंदीवर त्याला हरकत घेता येते. तेथे चालकाची माहिती भारतापेक्षा कितीतरी जास्त गोळा होते, तरी ती कोणापाशी आहे हे त्याला ठाऊक असते. ही व्यवस्था जशीच्या तशी उचलण्यासारखी नाही, कारण चालकाच्या प्रत्येक तपासणीची नोंद करून ठेवणाऱ्या व्यवस्थेचे ओझेही चालकावरच पडते. घेण्यासारखा आहे तो हरकतीचा हक्क.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आणि त्यातून २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि माहिती बाळगणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्या अधिसूचनेनुसार अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. संमती मागताना कोणती माहिती कशासाठी हवी हे सांगणारी सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय त्यात आहे, आणि माहितीची सुरक्षितता न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ट्रकचालकाच्या दृष्टीने पाहिले तर मात्र या कायद्याला दोन मोठी भगदाडे आहेत. पहिले म्हणजे तो केवळ डिजिटल माहितीला लागू होतो; खणातली झेरॉक्स त्याच्या कक्षेत येत नाही, तिचा मोबाइलवर फोटो काढला की येते. दुसरे कलम ७ मध्ये आहे: नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, संमतीशिवाय माहिती वापरता येते, आणि कलम ११ व १२ मधील माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा व पुसून टाकण्याचा हक्क ज्याला संमती दिली त्याच्याविरुद्धच चालतो. ज्या माहितीच्या आधारे माणसाविषयी निर्णय घ्यायचा ती पूर्ण आणि अचूक असावी असे कलम ८ मालकाला बजावते, पण ती पाहू न शकणारा चालक तिची अचूकता कशी तपासणार?

त्यातही ‘मालक’ कोण हे ठरवणे सोपे नाही. कलम ७ ची सूट नोकरीच्या नात्यावर उभी आहे, आणि ट्रकचालकापाशी त्या नात्याचा कागद सहसा नसतो. ज्या गोदामात त्याचा ट्रक खाली होतो तेथील माथाडी कामगार १९६९ च्या कायद्याखाली मंडळाकडे नोंदलेला असतो आणि त्याच्यापाशी नोंदणीचा पुरावा असतो. चालकापाशी असते ती फक्त बिल्टी, आणि तीही मालाची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र सक्तीचे केले आहे, पण दहापेक्षा कमी कामगार असलेले छोटे गाडीमालक त्यातून बहुतांशी सुटतात, आणि धंदा मुख्यतः त्यांच्याच हाती आहे. एका फेरीत चालकाची माहिती गाडीमालकाकडे जाते, भाडे देणाऱ्या ट्रान्सपोर्टरकडे जाते, माल पाठवणाऱ्या कंपनीकडे जाते, आणि चालकाच्या स्वतःच्या सिमकार्डावरून गाडीचा माग काढणाऱ्या सेवेकडेही जाते. या सेवेची संमती माल भरताना आलेल्या एका एसएमएसला उत्तर देऊन घेतली जाते, आणि फेरी संपल्यावर ती काढून घ्यायची असते हे त्याला कोणी सांगत नाही. शेवटी गोदामाच्या फाटकावरचा सुरक्षा रक्षक टॅबवर त्याचा चेहरा आणि परवाना टिपतो. गंमत अशी की चालक त्या गोदामाचा नोकर नसल्यामुळे नोकरीच्या नावावरची सूट फाटकावर चालणार नाही. तेथे त्याच्या संमतीचाच आधार घ्यावा लागेल, आणि संमती आली की माहिती पाहण्याचा व पुसून मागण्याचा हक्कही तिच्यामागोमाग येईल. तेव्हा कायदा पूर्णपणे लागू झाल्यावर, ज्या शेठची गाडी तो वर्षानुवर्षे चालवतो त्याच्यापेक्षा दापोड्याच्या एखाद्या परक्या फाटकावर ट्रकचालकाचे हक्क अधिक असतील.